डाउनटाउनमध्ये राहायचं आणि तिथंच धंदा करायचा: ग्रीनव्हिल की चॅटनूगा?



अमेरिकेतल्या आपल्या मराठी प्रेक्षकांचा एक प्रश्न हल्ली वारंवार येतो. मोठ्या शहरातलं घर परवडत नाही आणि दुकानाचं भाडं ऐकूनच घाम फुटतो. मग दक्षिणेकडच्या एखाद्या मध्यम शहरात जावं, डाउनटाउनमध्ये घर घ्यावं आणि चालत जाता येईल एवढ्या अंतरावर स्वतःचा छोटा व्यवसाय सुरू करावा, हे जमेल का? जमणार असेल तर कुठलं शहर?

या चर्चेत दोन नावं हमखास येतात. एक साउथ कॅरोलायनामधलं ग्रीनव्हिल, दुसरं टेनेसीमधलं चॅटनूगा. दोन्ही ठिकाणी झाडं, पाणी, पायी फिरायची सोय आणि छान छान हॉटेलं आहेत. एका शहरातून दुसऱ्यात जायला गाडीनं साधारण सव्वाचार तास लागतात. बरेच जण एका सुट्टीत दोन्ही बघून येतात.

आणि घोटाळा इथंच होतो. दोन्ही शहरं बघितली जातात शनिवारी संध्याकाळी. दिवे लागलेले, रस्त्यावर गर्दी, कोपऱ्यावर कुणीतरी गिटार वाजवतंय. मन भरून येतं, आणि सोमवारी माणूस पाच वर्षांच्या भाडेकरारावर सही करतो. त्या करारात बहुतेक वेळा वैयक्तिक हमी असते. म्हणजे कंपनी बुडाली तरी भाडं तुमच्या घरच्या बचतीतून वसूल होतं. म्हणून आजचं सूत्र आधीच सांगतो: शहर शनिवारच्या संध्याकाळवर निवडू नका, मंगळवारच्या सकाळवर निवडा.

चला, एकेक मुद्दा बघू.

१. आधी समजून घ्या: अमेरिकेतलं डाउनटाउन म्हणजे लक्ष्मी रोड नव्हे

आपल्याकडे गावाची मध्यवस्ती म्हणजे गजबज, हे गृहीत असतं. अमेरिकेत उलटं झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक उपनगरात राहायला गेले, त्यांच्यामागे दुकानं मॉलमध्ये गेली आणि जुनी मध्यवस्ती ओस पडली. आज जिथं जिवंत डाउनटाउन दिसतं, तिथं ते कुणीतरी ठरवून, पैसा लावून, वीस-तीस वर्षं खपून परत उभं केलेलं असतं. ते कसं उभं केलं, यावर तिथलं गिऱ्हाईक ठरतं. म्हणून थोडा इतिहास धंद्याच्याच कामाचा आहे.

ग्रीनव्हिल हे कापडगिरण्यांचं शहर. गिरण्या गेल्यावर शहराचं काय होतं, हे मुंबईकरांना सांगायला नको. १९७१ ते १९७९ या काळात मॅक्स हेलर इथले महापौर होते. नाझींच्या छळामुळे व्हिएन्ना सोडून आलेला हा माणूस. त्यांनी मेन स्ट्रीट चार लेनचा दोन लेनचा केला आणि मोकळ्या झालेल्या जागेत झाडं आणि रुंद फूटपाथ आणले. गाड्यांचा रस्ता अरुंद करून व्यापार वाढवायचा, ही कल्पना तेव्हा अनेकांना वेडेपणाची वाटली असेल. पुढे रीडी नदीच्या धबधब्यावरून जाणारा वाहनांचा पूल पाडला आणि २००४ मध्ये तिथं फॉल्स पार्क आणि पायी चालायचा लिबर्टी ब्रिज झाला. २००६ मध्ये वेस्ट एंड भागात बेसबॉलचं मैदान आलं. परिणाम असा की वरच्या टोकाच्या मोठ्या हॉटेलापासून खालच्या टोकाच्या मैदानापर्यंत मैलभराचा एकच सलग रस्ता, आणि सगळी वर्दळ त्या रस्त्यावर.

चॅटनूगा हे भट्ट्यांचं, ओतकामाच्या कारखान्यांचं शहर. १९६९ मध्ये अमेरिकेतली सगळ्यात घाणेरडी हवा इथली, असं सरकारी पातळीवर जाहीर झालं होतं. १९८४ मध्ये नागरिकांना एकत्र बसवून शहराचा आराखडा करायला सुरुवात झाली. त्यातून १९९२ मध्ये टेनेसी नदीकाठी मोठं मत्स्यालय उभं राहिलं. १९७८ पासून वाहनांना बंद असलेला वॉलनट स्ट्रीट ब्रिज १९९३ मध्ये फक्त पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला. पण इथं एकच रस्ता नाही, तुकडे आहेत. नदीकाठचा मत्स्यालयाचा भाग, पूल ओलांडला की नॉर्थ शोअर आणि फ्रेझियर ॲव्हेन्यू, दक्षिणेला साउथसाइड, आणि एका बाजूला विद्यापीठाचा परिसर. मध्ये मध्ये पार्किंगच्या मोकळ्या जागा. हे तुकडे जोडायला डाउनटाउनमध्ये १९९२ पासून विजेवर चालणारी फुकट शटल बस सुरू झाली.

आकाराचंही बघा. २०२० च्या जनगणनेनुसार ग्रीनव्हिल शहराची लोकसंख्या सुमारे ७०,७०० आणि चॅटनूगाची सुमारे १,८१,०००. पण यावरून चॅटनूगाची बाजारपेठ अडीचपट मोठी असं समजू नका. ग्रीनव्हिलची हद्द लहान आहे, आजूबाजूच्या काउंटीतच सव्वापाच लाख लोक राहतात. शहराच्या पाटीवरची लोकसंख्या आणि तुमच्या दुकानापर्यंत येऊ शकणारी लोकसंख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२. समोरून जाणारा माणूस पाहुणा आहे की शेजारी?

गर्दीचे दोन प्रकार असतात. पाहुणा एकदा येतो, खर्च करतो आणि निघून जातो. शेजारी कमी खर्च करतो, पण आठवड्यातून तीनदा येतो. आइस्क्रीम, भेटवस्तू, टी-शर्ट हा धंदा पाहुण्यांवर चालतो. चहा, नाश्ता, डबा, कपडे दुरुस्ती, सलून, मुलांचे क्लास हे शेजाऱ्यांवर चालतात.

चॅटनूगात मत्स्यालयाभोवतीची गर्दी बऱ्याच प्रमाणात पाहुण्यांची. पूल ओलांडून नॉर्थ शोअरला गेलात, किंवा साउथसाइडला उतरलात, की रोज राहणारी माणसं भेटू लागतात. विद्यापीठ डाउनटाउनला लागूनच असल्यामुळे विद्यार्थी मिळतात, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत ते गायब. ग्रीनव्हिलच्या मेन स्ट्रीटवर दुपारी ऑफिसवाले, संध्याकाळी जेवायला येणारे आणि शनिवार-रविवारी बाहेरगावचे, असे तिघंही एकाच फूटपाथवर येतात. ही ग्रीनव्हिलची ताकद. पण त्याच फूटपाथवर तुमच्या आधी पंचवीस जण उभे आहेत, हेही खरं.

आता साधं गणित करू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमचे घाला.

अमेरिकेत दुकानाचं भाडं बहुधा दर चौरस फुटाला *वर्षाचं* सांगतात. समजा दर २४ डॉलर, जागा १,००० चौरस फूट. वर्षाचे २४,००० डॉलर. पण करारावर ‘ट्रिपल नेट’ लिहिलं असेल तर जागेचा मालमत्ता कर, विमा आणि देखभाल हेही भाडेकरूच्याच डोक्यावर. समजा ते फुटाला आणखी ६ डॉलर. झाले ३०,००० वर्षाचे, महिन्याचे २,५००. महिन्यात २५ दिवस दुकान उघडं, म्हणजे रोजचे १०० डॉलर फक्त जागेचे. पगार, वीज, इतर खर्च धरून रोजचे ३०० समजू. कच्चा माल वजा जाता एका गिऱ्हाइकामागे तुमच्या हातात ४ डॉलर उरत असतील, तर ना नफा ना तोट्यासाठी रोज ७५ गिऱ्हाइकं हवीत. दुकानासमोरून जाणाऱ्या शंभरातली तीन माणसं आत येत असतील, तर समोरून रोज २,५०० माणसं जायला हवीत.

शनिवारी ती जातील. मंगळवारी जातील का? हे मोजल्याशिवाय सही करायची नाही.

३. घर घेताना: पडलो तर काय, हाही विचार करा

डाउनटाउनमध्ये फ्लॅट विकत घ्यायचा विचार असेल तर मालमत्ता कराचा फरक नीट समजून घ्या. दलाल हा सहसा स्वतःहून सांगत नाही.

साउथ कॅरोलायनात तुम्ही स्वतः राहता त्या घराचं करासाठीचं मूल्य बाजारभावाच्या ४ टक्के धरतात, आणि शाळांच्या चालू खर्चासाठीचा कर त्या घराला माफ असतो. तेच घर भाड्यानं दिलं की ४ चे ६ टक्के होतात आणि शाळेची माफीही जाते. एकूण बिल दुपटीच्या वर जाऊ शकतं. टेनेसीत राहत्या घराचं मूल्य २५ टक्के आणि व्यापारी मालमत्तेचं ४० टक्के धरतात. एकच घर असेल आणि ते भाड्यानं दिलं, तर दर २५ टक्केच राहतो.

याचा अर्थ काय? समजा धंदा दोन वर्षांत चालला नाही आणि नोकरीसाठी दुसरीकडे जावं लागलं. फ्लॅट लगेच विकला जात नाही, म्हणून तुम्ही तो भाड्यानं देता. ग्रीनव्हिलमध्ये त्याच क्षणी कराचं बिल उडी मारतं. म्हणून माझा सल्ला दोन्ही शहरांसाठी एकच: पहिलं वर्ष भाड्यानं राहा. घर आणि दुकान दोन्हीकडे एकाच वेळी पैसा अडकवू नका. एक पाय तरी मोकळा हवा.

४. कर: ‘टेनेसीत इन्कम टॅक्स नाही’ हे अर्धंच वाक्य आहे

हे वाक्य प्रत्येकानं ऐकलेलं असतं. टेनेसी राज्य पगारावर आयकर घेत नाही, हे खरं. पण उरलेलं वाक्य असं:

- विक्रीकर. चॅटनूगात राज्याचा ७ आणि स्थानिक २.२५ मिळून ९.२५ टक्के. ग्रीनव्हिलमध्ये ६ टक्के, आणि तयार जेवणावर शहराचा २ टक्के वेगळा कर धरून ८. घरखर्चातही फरक पडतो. साउथ कॅरोलायनात किराण्याच्या खाद्यपदार्थांवर राज्याचा विक्रीकर नाही, टेनेसीत आहे, कमी दरानं का होईना.
- एलएलसी केली तर. टेनेसीत एलएलसीला निव्वळ नफ्यावर ६.५ टक्के कर आणि शिवाय कंपनीच्या मूल्यावर वेगळा कर लागतो. २०२३ च्या कायद्यानं नफ्याच्या पहिल्या ५०,००० डॉलरवर सूट मिळाली, हा लहान धंद्याला मोठा दिलासा आहे. नोंदणी आणि वार्षिक अहवालाची फी मात्र किमान ३०० डॉलर. एकट्याच्या नावावरच्या साध्या मालकीला हा नफ्यावरचा कर लागत नाही, पण मग कर्ज-दाव्यांची जबाबदारी थेट तुमच्यावर.
- साउथ कॅरोलायनात आयकर आहे. सगळ्यात वरचा टप्पा ६ टक्क्यांच्या आसपास असून तो हळूहळू खाली येतोय. शिवाय शहराचं बिझनेस लायसन्स लागतं, आणि त्याची फी नफ्यावर नाही, *उलाढालीवर* ठरते. तोटा झाला तरी ती भरावीच लागते.

म्हणून ‘कर कुठे कमी’ असा मोघम प्रश्न विचारू नका. तुमचा अपेक्षित नफा, उलाढाल आणि कंपनीचा प्रकार कागदावर लिहा आणि दोन्ही राज्यांत हिशोब मांडा. कर सल्लागाराची तासाभराची फी इथं वसूल होते. दर बदलत असतात, त्यामुळे सही करायच्या महिन्यात पुन्हा तपासा.

५. वीज आणि इंटरनेट: चॅटनूगाचा हुकमी एक्का

चॅटनूगाची वीज कंपनी ईपीबी ही शहराच्या मालकीची आहे. तिनं २०१० मध्ये आपल्या सगळ्या वीजग्राहकांना एक गिगाबिट इंटरनेट देऊ केलं, तेव्हा अमेरिकेत कुठेच असं नव्हतं. सोबत वीजजाळंही सुधारलं. एखादी तार तुटली तर स्वयंचलित स्विच तेवढा भाग वेगळा करून बाकीच्यांची वीज दुसऱ्या मार्गानं फिरवतात.

तुमचा धंदा व्हिडिओ एडिटिंगचा, डिझाइनचा, ऑनलाइन शिकवणीचा असेल तर हे महत्त्वाचं आहेच. पण फ्रीजमध्ये माल ठेवणाऱ्यालाही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळ ग्रीनव्हिल भागात आलं तेव्हा अनेकांकडे कित्येक दिवस वीज नव्हती. वादळ कुठेही येऊ शकतं. प्रश्न एवढाच, की माल खराब झाल्यास भरपाई देणारा विमा तुमच्या खर्चाच्या यादीत आहे का?

६. लहान सुरुवात कुठे करता येते?

थेट दुकान उघडणं ही शेवटची पायरी आहे. आधीच्या पायऱ्या दोन्ही शहरांत आहेत.

*पहिली पायरी, घरून.* २०२२ मध्ये दोन्ही राज्यांनी घरगुती खाद्यपदार्थ विकण्याचे नियम बरेच सैल केले. फ्रिजमध्ये ठेवावे न लागणारे पदार्थ घरी करून विकता येतात. चकली, शंकरपाळे डोळ्यांसमोर आणा! लेबल कसं हवं, कुठे विकता येईल, हे नियम वाचूनच पुढे जा.

*दुसरी पायरी, आठवडी बाजार.* ग्रीनव्हिलमध्ये मे ते ऑक्टोबर दर शनिवारी सकाळी खुद्द मेन स्ट्रीटवर बाजार भरतो. चॅटनूगात हंगामात दर रविवारी मोठ्या मंडपाखाली चॅटनूगा मार्केट असतं. एका हंगामात गिऱ्हाईक काय चाखतं, काय परत ठेवतं, किती किमतीला कुरकुरतं, सगळं कळतं.

*तिसरी पायरी, कमी जोखमीची जागा.* चॅटनूगात नदीपलीकडे जुन्या कारखान्याच्या भल्यामोठ्या इमारतीत काउंटीचं इन्क्युबेटर आहे. नवीन धंद्यांना तिथं सवलतीच्या भाड्यात जागा मिळते आणि सल्लागारही त्याच इमारतीत बसतात. को.लॅब ही संस्था नवउद्योजकांचे वर्ग घेते. ग्रीनव्हिलमध्ये नेक्स्ट ही संस्था नव्या कंपन्यांना मदत करते. दोन्हीकडे लघुउद्योग विकास केंद्र आणि स्कोअर या संस्थेचे अनुभवी मार्गदर्शक *मोफत* भेटतात. फुकट सल्ला मिळतोय तर लाजू नका.

७. व्हिसा: हा मुद्दा शेवटी नाही, सगळ्यात आधी

दोन्ही शहरांत मराठी माणसं पोहोचण्याचं एक कारण गाड्यांचे कारखाने. ज्या फोक्सवॅगननं २००९ मध्ये आपल्या चाकणला कारखाना सुरू केला, तिचाच २०११ पासून चॅटनूगात आहे. ग्रीनव्हिलजवळ बीएमडब्ल्यूचा मोठा कारखाना आहे आणि मिशलिनचं उत्तर अमेरिकेतलं मुख्यालयही ग्रीनव्हिलचंच.

समजा नवरा कारखान्यात एच-१बी व्हिसावर इंजिनिअर आहे आणि बायकोला चहा-नाश्त्याचं दुकान काढायचंय. तिच्याकडे एच-४ व्हिसासोबत काम करण्याचा परवाना असेल तर ती व्यवसाय करू शकते. नवरा मात्र संध्याकाळी ‘जरा हातभार’ म्हणून गल्ल्यावर बसू शकत नाही, बिनपगारी सुद्धा! एवढ्याशा मदतीनं दोघांचं तिथलं राहणं धोक्यात येऊ शकतं. म्हणजे ज्या धंद्यात नवऱ्याच्या हातांचा हिशोब धरलाय, तिथं एका नोकराचा पगार खर्चात धरा. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय दुकानाची पाटी रंगवू नका.

मग कुठलं शहर?

सरळ सांगतो.

तुमचा धंदा समोरून जाणाऱ्या माणसावर चालणार असेल, हातात वर्षभराच्या खर्चाएवढं भांडवल असेल आणि शेजारच्या पंचवीस दुकानांत उठून दिसेल असं काही तुमच्याकडे असेल, तर ग्रीनव्हिल. तिथं गर्दी तयार आहे, पण तिची किंमत भाड्यात आणि स्पर्धेत मोजावी लागते.

तुमचा धंदा बनवून पाठवायचा, ऑनलाइन विकायचा किंवा ठरावीक गिऱ्हाइकांना सेवा द्यायचा असेल, भांडवल कमी असेल आणि चुका करत शिकायला वेळ हवा असेल, तर चॅटनूगा. इंटरनेट, इन्क्युबेटर, बाजार आहे आणि पगारावर राज्याचा आयकर नाही, म्हणजे एकाच्या नोकरीवर घर चालवून दुसऱ्यानं धंदा उभा करायला थोडा जास्त श्वास मिळतो. पण तुकडा नीट निवडावा लागेल, कारण पूल ओलांडला की गिऱ्हाईक बदलतं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. मंगळवारी तिथं मुक्काम करा. सकाळी ८, ११, दुपारी ३ आणि रात्री ८ वाजता निवडलेल्या जागेसमोर एकेक तास उभं राहून माणसं मोजा.
२. त्यातल्या किती जणांच्या हातात पिशवी किंवा कप आहे, ते वेगळं मोजा. फिरणारा आणि खरेदी करणारा यांत फरक असतो.
३. शेजारच्या तीन दुकानदारांना एकच प्रश्न विचारा: “जानेवारीत कसं असतं?” उत्तराआधी ते किती वेळ थांबतात, तेही बघा.
४. घरापासून दुकान, किराणा आणि दवाखाना पायी किती मिनिटं, लिहून काढा. प्रत्येक कामाला गाडी लागणार असेल तर डाउनटाउनचं भाडं कशासाठी भरायचं?
५. वर दिलेलं ७५ गिऱ्हाइकांचं गणित तुमच्या आकड्यांनी पुन्हा करा.

तुम्ही सांगलीत किंवा नाशिकमध्ये बसून हे वाचत असाल, तरी पाचातला पहिला, दुसरा आणि पाचवा मुद्दा जसाच्या तसा वापरता येईल. जागा बघायला जाल तेव्हा वही घेऊन जा. आवडली म्हणून घेतलेली जागा आणि मोजून घेतलेली जागा यांतला फरक पहिल्या सहा महिन्यांतच गल्ल्यात दिसतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, मोजा आणि मगच सही करा!